तरुण प्लेटोचा भ्रमनिरास

आमच्या दिल्लीतील मराठी मंडळाच्या वाचनालयात रविवारी सकाळी चार-सहा मंडळी नेमाने जमतात. महाराष्ट्रातून येणारी वृत्तपत्रे येथे पोहोचेतो शिळी झालेली असतात आणि त्यांतील बातम्या प्रत्येकाने आपापल्या फोनवर आधीच वाचलेल्या असतात. तरी ती उघडली जातात, आणि उघडली की राजकारणाची चर्चा निघते. गेल्या वर्षापासून या बैठकीस एक तरुण सहकारी येऊ लागला आहे. चर्चा निघाली की तो उठून कपाटाकडे जातो. नोकरीत येण्यापूर्वी दोन-तीन वर्षे त्याने आपल्या गावी एका पक्षाचे काम केले होते. सभांच्या सतरंज्या घातल्या, भिंती रंगविल्या, घरच्यांचे बोलणे खाल्ले. पुढे ज्यांच्याविरुद्ध हे सारे चालले होते त्यांच्याच मांडीला मांडी लावून त्याचा नेता बसला. तेव्हापासून राजकारणाचे नावही याला नकोसे झाले आहे. सरकारी नोकरास राजकारणात भाग घेण्याची मनाई १९६४ च्या वर्तणूक नियमांनी केलेलीच आहे. तो नियम या तरुणाने मोठ्या समाधानाने स्वीकारला. एके दिवशी तो आम्हांस म्हणाला, "आता मला फक्त सत्य काय ते शोधायचे आहे. एखादे पुस्तक सांगा."

अशा वेळी पुस्तकाचे नाव सांगणे सोपे नसते. आम्हांस आठवण झाली ती एका पत्राची. प्लेटोच्या नावावर जी तेरा पत्रे आहेत त्यांतील हे सातवे. सिसिली बेटावरील आपल्या मृत मित्राच्या अनुयायांस ते लिहिलेले आहे आणि त्या वेळी प्लेटोचे वय पंचाहत्तरीच्या घरात होते. पत्र त्याच्याच हातचे, की त्याच्या निकटच्या एखाद्या शिष्याचे, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु ज्या घटनांवर ते उभे आहे त्यांस इतर लेखकांचाही आधार मिळतो. या पत्रात तो म्हातारा पन्नास वर्षे मागे वळून पाहतो आणि आपण तरुणपणी राजकारणात पडण्यास किती उत्सुक होतो व तेथून मागे का फिरलो, हे सांगतो.

प्लेटोचा जन्म इ. स. पूर्व ४२८ किंवा ४२७ मधला. अथेन्स आणि स्पार्टा यांचे महायुद्ध त्यापूर्वीच, ४३१ मध्ये सुरू झाले होते आणि ते संपले तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता. म्हणजे त्याचे सारे वाढते वय युद्धात गेले. घराणे मोठे. आईचा सख्खा भाऊ कार्मिडीस आणि चुलतभाऊ क्रिटिअस, असे हे दोन मामा अथेन्सच्या उमराव वर्तुळात वावरणारे. अशा घरातील मुलाने सार्वजनिक आयुष्यात पडावयाचे हे जणू ठरलेलेच असे.

त्याचा भाऊ ग्लॉकन तर वयाची वीस वर्षे पुरी होण्याच्या आतच नगरसभेत भाषणे करू पाहत होता. झेनोफनने त्याची हकीकत दिली आहे. लोक हसत, ओढून खाली बसवीत, पण हा ऐकेना. अखेर सॉक्रेटिसने त्यास गाठले आणि गोड बोलून एकेक प्रश्न विचारला. नगराचे उत्पन्न किती? खर्च किती? चांदीच्या खाणींतून पूर्वीपेक्षा कमी का निघते? घरचे धान्य किती दिवस पुरेल? ग्लॉकनला यांतले काहीच सांगता येईना. मग सॉक्रेटिस म्हणाला, निदान आपल्या मामाचे घर तरी आधी सावरून दाखव. ग्लॉकन म्हणाला, सावरले असते, पण मामा माझे ऐकत नाही. ज्यास एक मामा वळविता येत नाही तो मामासकट सारे अथेन्स वळवावयास निघाला आहे, हे त्या वेळी त्याच्या ध्यानात आले. हा प्रसंग वाचताना आमच्यासारख्या आकडेवारीचे तक्ते भरणाऱ्यांस थोडा आनंद होतो, हे कबूल केले पाहिजे.

पण त्याच ग्रंथात लगेच पुढे आणखी एक प्रसंग आहे आणि तो वाचताना आनंद मावळतो. मामा कार्मिडीस लायक असूनही लाजाळू होता. लोकांपुढे येत नसे. त्यास सॉक्रेटिसने राजकारणात पडण्याचा आग्रह केला. कार्मिडीस पुढे राजकारणात पडला तो कोणत्या बाजूने, हे आता पाहावयाचे आहे.

इ. स. पूर्व ४०४ मध्ये अथेन्सने शरणागती पत्करली. स्पार्टाच्या पाठिंब्याने लोकशाही मोडून तीस जणांच्या हाती सर्वाधिकार गेले. त्यांचा म्होरक्या क्रिटिअस. बंदराच्या वस्तीवर, पिरेअसवर, देखरेखीसाठी जे दहा जण नेमले गेले त्यांत कार्मिडीस. सत्तेवर येताच या मंडळींनी प्लेटोला आपल्यात बोलाविले. अथेन्सच्या कायद्याप्रमाणे तीस वर्षांखालील मनुष्यास लोकसभेच्या मंडळात वा न्यायमंडळात जागा मिळत नसे. येथे मात्र तेविशीतच आपल्या माणसांनी दार उघडून धरले होते. हे लोक नगरास अन्यायाच्या वाटेवरून न्यायाच्या वाटेवर आणतील असे आपणांस वाटले, त्या वयात ते नवल नव्हते, असे पत्रात म्हटले आहे. हा विश्वास अगदीच निराधार नव्हता. या तिसांनी आरंभी खोट्या फिर्यादी करून पोट भरणाऱ्यांवर हात टाकला आणि त्याने अथेन्समधील पुष्कळ सज्जन सुखावले होते.

मग यादी लांबत गेली. आधी विरोधक, मग ज्यांच्यापाशी पैसा आहे ते. ही राजवट जेमतेम आठ महिने टिकली. तेवढ्यात तिने पंधराशे माणसे मारल्याचे ॲरिस्टॉटलच्या नावे असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथात नमूद आहे. सॉक्रेटिसला तर बोलावून ताकीद देण्यात आली की, तीस वर्षांखालील तरुणांशी बोलावयाचे नाही. ज्या वयाच्या प्लेटोला सरकार आपल्यात बोलावीत होते त्याच वयाच्या मुलांशी त्याच्या गुरूने बोलू नये, असा हा हुकूम होता.

एके दिवशी सॉक्रेटिससह पाच जणांना थोलोस नावाच्या वाटोळ्या सरकारी इमारतीत बोलाविण्यात आले. हुकूम असा की, सलामिस बेटावर जाऊन लिऑन नावाच्या गृहस्थास पकडून आणावे. त्यास ठार करावयाचे आहे. लिऑनचा अपराध काय, हे सांगण्याची कोणास गरज वाटली नाही. पाचही जण बाहेर पडले. चौघे सलामिसला गेले आणि त्यांनी लिऑनला आणले. सॉक्रेटिस तेथून निघाला तो सरळ आपल्या घरी गेला.

या प्रसंगात मोठे भाषण नाही, हुकूम फाडून फेकणे नाही. एक साठी उलटलेला मनुष्य घरी जातो, इतकेच. ही राजवट लौकर कोसळली नसती तर त्याबद्दल आपले प्राण गेले असते, असे त्याने पुढे न्यायालयात शांतपणे सांगितले. तिसांचा हेतूही त्याने तेथेच उघड केला. लिऑनला आणण्यास त्यांच्यापाशी शिपाई नव्हते काय? होते, पण त्यांना आपल्या पापात होतील तितके नागरिक गुंतवावयाचे होते. एकदा हात बरबटला की तो मनुष्य आपला झाला, हे जुलमी सत्तेचे जुने गणित आहे. प्लेटोच्या पत्रात त्याच्या पहिल्या भ्रमनिरासाचे मुख्य कारण म्हणून येतो तो हाच प्रसंग. आदल्या राजवटीला या लोकांनी सोन्याच्या युगाचे रूप आणून दिले, असे तो खेदाने म्हणतो. तो त्यांच्यापासून दूर झाला.

दूर होणे सोपे नव्हते, कारण दूर व्हावयाचे ते आपल्याच मामांपासून. त्याने त्यांना शिव्या दिल्याचे कोठे आढळत नाही. परंतु त्याचा 'रिपब्लिक' हा ग्रंथ ज्याने वाचला आहे त्याने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. न्याय म्हणजे काय, ही त्या ग्रंथातील चर्चा घडते पिरेअसमध्ये, पोलेमार्कस नावाच्या गृहस्थाच्या घरी. या पोलेमार्कसला तिसांच्या राजवटीत पकडून चौकशीवाचून विष पाजण्यात आले. त्याचा भाऊ लिसिअस कसाबसा निसटला. त्याने पुढे केलेल्या भाषणात लुटीचा हिशेब दिला आहे. सातशे ढाली, एकशे वीस गुलाम, सोने, चांदी, आणि पोलेमार्कसच्या बायकोच्या कानांतून ओरबाडलेली कर्णभूषणे. हे त्या काळच्या प्रत्येक वाचकास ठाऊक होते. न्यायावरील ग्रंथासाठी दुसरे घर प्लेटोला मिळाले नसते असे नाही. आपल्या आप्तांच्या राजवटीने लुटलेले घरच त्याने निवडले, यात आमच्या मते त्याचा कबुलीजबाब आहे.

इ. स. पूर्व ४०३ मध्ये लोकशाहीवादी परत आले. त्यांच्याशी झालेल्या लढाईत क्रिटिअस आणि कार्मिडीस दोघेही पडले. विजयी पक्षाने सूड न घेण्याची शपथ घेतली. खुद्द तीस आणि त्यांचे मोजके अंमलदार वगळता मागील अपराध उकरून काढावयाचे नाहीत असे ठरले. तिसांनी लोकशाहीशी लढण्यास स्पार्टाकडून शंभर टॅलंटांचे कर्ज काढले होते. तेही साऱ्या नगराने मिळून फेडले. आपल्यावर झाडलेल्या बाणांची किंमत आपणच चुकती करण्याचे असे औदार्य इतिहासात वारंवार दिसत नाही.

येथे हे पत्र आम्हांस विशेष मोलाचे वाटते. या लोकशाहीनेच पुढे त्याचा गुरू मारला. म्हातारपणी लिहिताना तिच्याविषयी चांगला शब्द काढण्याचे प्लेटोला काही कारण नव्हते. तरीही, परत आलेल्यांनी एकंदरीत मोठा संयम दाखविला, असे तो स्वच्छ लिहितो. त्या संयमामुळेच त्याच्या मनात राजकारणाची ओढ पुन्हा जागी झाली, मात्र या खेपेस सावकाश.

मग इ. स. पूर्व ३९९ उजाडले. अनिटस, मेलिटस आणि लिकॉन या तिघांनी सॉक्रेटिसवर फिर्याद केली. नगराचे देव मानीत नाही आणि तरुणांना बिघडवितो, हा आरोप. पाचशेएक न्यायाधीश बसले असे सामान्यतः मानतात. तीस मते इकडची तिकडे पडती तर सॉक्रेटिस सुटता. दंडाचा प्रश्न निघाला तेव्हा तीस मिनांची हमी देण्यास जे मित्र पुढे आले त्यांत प्लेटोचे नाव आहे. आपल्या अवघ्या संवादवाङ्मयात त्याने स्वतःचे नाव अगदी मोजक्या जागी घेतले आहे. त्यांतील एक ही, आणि दुसरी सॉक्रेटिसच्या अखेरच्या दिवसाच्या हकीकतीत. तेथे कोण कोण हजर होते ते सांगून निवेदक म्हणतो की, प्लेटो बहुधा आजारी होता.

ज्या पक्षाचे लोक देशोधडीला लागले असता त्यांच्यातील एकास पकडून देण्याचे पाप सॉक्रेटिसने नाकारले होते, त्याच पक्षाने सत्तेवर येऊन त्याला मारले. प्लेटोचे दुःख असे दुहेरी आहे. ज्याला एकाच पक्षाने फसविले तो दुसऱ्या पक्षाकडे जातो आणि आपणांस सत्य सापडले असे समजतो. प्लेटोला तीही सोय उरली नाही. आणि लोकशाहीचा हा काही पहिलाच दोष नव्हता. इ. स. पूर्व ४०६ मध्ये अर्जिन्युसीच्या आरमारी लढाईत जय मिळविलेल्या सेनापतींना, वादळात बुडणाऱ्यांस वाचविले नाही म्हणून, सर्वांस एकाच मताने आणि कायदा मोडून देहान्त शासन देण्यात आले. सहा जण मारले गेले. त्या दिवशी प्रस्ताव मताला टाकण्यास एकट्या सॉक्रेटिसने नकार दिला होता. पुढे लोकांना पश्चात्ताप झाला. सहा सेनापतींना त्याचा उपयोग नव्हता.

पत्रात यापुढे जे वर्णन आहे ते कोणत्याही काळच्या विचारी तरुणास आपले वाटेल. कायदे पाहिले, माणसे पाहिली, वय वाढत गेले, तसतसे राज्यकारभार नीट चालविणे अधिकच अवघड दिसू लागले. विश्वासाच्या सोबत्यांवाचून काही करता येत नाही. जुने सोबती उरले नाहीत, नवे सहज मिळत नाहीत. सारेच गरगरताना पाहून आपणांस घेरी आली, असे तो म्हणतो. तरीही आपण विचार सोडला नाही, योग्य वेळेची वाट पाहत राहिलो, असेही त्याच ओघात सांगतो. भ्रमनिरास आणि विरक्ती या दोन गोष्टी एक नव्हेत, हे येथे कळते. घेरी आलेला मनुष्य भिंतीस धरून उभा राहतो. डोळे मिटून निजत नाही.

चाळिशीच्या सुमारास तो इटली व सिसिलीकडे गेला. परतल्यावर, इ. स. पूर्व ३८७ च्या सुमारास, नगराच्या तटाबाहेरील अकेडेमस नावाच्या वीराच्या राईत त्याने आपली शाळा उघडली. तेथे गणित चाले, वाद चाले. सतरा वर्षांचा ॲरिस्टॉटल तेथे आला तो वीस वर्षे राहिला. सत्याच्या शोधास प्लेटोने दिलेले हे मूर्त रूप. एकट्याने गुहेत बसणे त्याने निवडले नाही; जेथे आपले म्हणणे दुसरा खोडून काढू शकेल अशी जागा त्याने बांधली.

या मनुष्यास राजकारण पुन्हा हाक मारील असे कोणास वाटले नसते. इ. स. पूर्व ३६७ मध्ये सिराक्यूजचा तरुण राजा दुसरा डायोनिशियस गादीवर आला आणि त्याचा आप्त डायॉन याने प्लेटोला निरोप धाडला. प्लेटोचे वय साठ. जावयास मन घेत नव्हते. तो गेला त्याचे कारण त्यानेच दिले आहे. आपण नुसते बोलघेवडे आहोत, प्रत्यक्ष कार्यास कधी हात घालणार नाही, असे आपणच आपणांस दिसू लागू, याची त्याला लाज वाटली. तीनचार महिन्यांतच डायॉन हद्दपार झाला. ३६१ मध्ये प्लेटो पुन्हा गेला. या वेळी त्याच्याच जिवावर बेतले आणि टॅरेंटमच्या आर्कायटसने पाठविलेल्या नावेतून तो सुटला. पुढे डायॉनने शस्त्राने सिराक्यूज जिंकले आणि ३५४ मध्ये त्याचा खून झाला. करणारे प्लेटोच्याच नगरातले, डायॉनचे मित्र म्हणविणारे.

येथवरची हकीकत आम्ही त्या तरुणास सांगितली तेव्हा तो खुलला. फसवणूक सोसून सत्याकडे गेलेला एक थोर मनुष्य त्यास सापडला होता. पण इतिहास सांगावयाचा तर अर्धा सांगून भागत नाही. आयुष्याच्या अखेरीस प्लेटोने 'लॉज' हा ग्रंथ लिहिला. त्यात देवांविषयी पाखंडी मते बाळगणाऱ्यांसाठी त्याने कायदा केला आहे. चूक समजुतीची पण मनुष्य सालस असेल तर निदान पाच वर्षे सुधारगृहात ठेवावे, तेथे नगरातील वडील मंडळींनी त्यास उपदेश करावा, आणि सुटल्यावर पुन्हा तोच अपराध घडला तर देहान्त शासन. पाखंडाच्या आरोपावरून ज्याचा गुरू मारला गेला त्याच शिष्याच्या हातचा हा मजकूर आहे. हे कसे घडले? आमच्या अल्प बुद्धीस असे वाटते की, माणसांचा कंटाळा आलेला मनुष्य सत्याच्या शोधास लागला की केव्हा तरी त्यास सत्य सापडल्याचा भास होतो. आणि मग ते न मानणारी माणसे त्यास अडथळा वाटू लागतात. तिसांचाही दावा नगर शुद्ध करण्याचाच होता. विशीत प्लेटोला जी घेरी आली तिने त्याचे पाऊल जपून पडत होते. सत्तरी उलटल्यावर ते जपणे काही ठिकाणी सुटले.

हे ऐकून तो तरुण गप्प झाला. काहीसा रागावलाही असावा. "म्हणजे शेवटी तोही तसाच," एवढे म्हणून तो उठू लागला. आम्ही त्यास बसविले. तसाच नव्हे, हे सांगणे अवश्य होते. ज्या पत्रात हा मनुष्य आपली फसगत मांडतो त्यातच शत्रूच्या संयमाची नोंद करतो. त्याने उघडलेल्या शाळेत त्याचे म्हणणे खोडणारा ॲरिस्टॉटल तयार झाला. त्याच्या 'लॉज'चे दोष दाखविण्याची दृष्टी आम्हांस ज्या सॉक्रेटिसकडून मिळते तोही मुख्यतः त्यानेच आमच्यापर्यंत पोहोचविला आहे. फसलेल्या माणसाने जगाचा हिशेब कसा ठेवावा, याचा याहून प्रामाणिक नमुना आम्हांस ठाऊक नाही. जमा आणि खर्च, दोन्ही बाजू त्यात आहेत.

आणि राहिली गोष्ट त्या चौघांची. सॉक्रेटिसबरोबर थोलोसमधून बाहेर पडलेले ते चौघे कोण होते? सॉक्रेटिस त्यांची नावे घेत नाही. लिऑनला पकडणाऱ्यांत मेलिटस नावाचा एक मनुष्य होता असे अँडोसिडिसच्या भाषणात आहे; सॉक्रेटिसवर फिर्याद करणारा मेलिटस तो हाच काय, याचा निर्णय झालेला नाही. बाकीचे काळाच्या पोटात गेले. ते दुष्ट असतील असे आम्हांस वाटत नाही. त्यांना बायकामुले असतील, वरून आलेला हुकूम होता, आणि आपण न गेलो तरी दुसरे कोणी जाईल, हा हिशेब त्यांनी नावेत बसता बसता केला असेल. तो हिशेब आमच्या ओळखीचा आहे. काही वर्षांपूर्वी एका टिपणीतील मजकूर खरा नाही हे ठाऊक असता आम्ही तिच्याखाली आद्याक्षरे केली. कोणाचा जीव गेला नाही. एका मनुष्याचे न्याय्य काम मात्र दोन वर्षे अडले. त्या दिवशीही आम्ही घरी गेलोच होतो, पण सही करून.

आम्हां सरकारी नोकरांस पक्ष नाही, व्यासपीठ नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून राजकारणापासून आपण अलिप्त आहोत असे समजणे मात्र भाबडेपणाचे होय. सत्तेचा प्रत्येक हुकूम अखेर कोणाच्या तरी मेजावरून जातो. सत्याचा शोध घेण्यास त्या तरुणाने कचेरी सोडून कोठे जावयास नको.

त्या रविवारी कपाटातून आम्ही त्यास 'रिपब्लिक' काढून दिले नाही. सॉक्रेटिसच्या बचावाचे भाषण दिले. पुस्तक लहान आहे, बसमध्ये वाचून होते. पुढल्या रविवारी तो आला तो उशिरा. वृत्तपत्रे वाचून झाली होती आणि चर्चा नेहमीप्रमाणे रंगली होती. या वेळी तो कपाटाकडे गेला नाही. खुर्ची ओढून बसला आणि आमच्यातील सर्वांत ठाम बोलणाऱ्या गृहस्थास त्याने विचारले, "काका, हे आपल्याला कशावरून ठाऊक?"